सुकीच्या पाण्यापर्यंत

आमच्या भागातल्या नदीचे नावच सुकी आहे. सातपुड्यातून निघते, रावेर तालुक्यातल्या केळीच्या मळ्यांमधून वाट काढते आणि तापीला मिळते. बाहेरगावचा पाहुणा पुलावरून जाताना विचारतो, ही कोणती नदी? नाव सांगितले की तो खाली वाकून बघतो आणि हसतो. खाली गोटे, वाळू उपसलेले खड्डे आणि मधेच बाभळीची झुडपे. पावसाळ्यातले पुराचे दिवस सोडले तर नावाप्रमाणे कोरडी. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. एकदा नववीला 'नदीचे आत्मवृत्त' हा निबंध दिला, तर एका मुलीने लिहिले की मी वर्षातून चार दिवस वाहते आणि बाकीचे दिवस लोक माझ्यात ट्रॅक्टर घालतात. तिला मी दहापैकी नऊ गुण दिले.

हीच नदी सावद्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, डोंगरात, काठोकाठ पाण्याने भरलेली असते. गारबर्डीला तिच्यावर धरण आहे आणि धरणामागे जंगलात शिरलेला तलाव. सावद्यातल्या बहुतेक पुरुषांनी तो पाहिला आहे. तरुण पोरे पावसाळ्यात मोटारसायकली घेऊन जातात, सांडव्याखाली भिजतात, फोटो काढतात. बायका-मुलींनी मात्र सातपुडा पाहिला तो छतावरून. पाऊस संपून हवा धुतली गेली की उत्तरेला ती निळी रांग इतकी जवळ दिसते, की वाटते कपडे वाळत घालता घालता हात लावून यावा. माझी अम्मी पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन सावद्यात आली. पन्नास वर्षे तिने ती रांग पाहिली. वर कधी गेली नव्हती.

आपल्या घरांतल्या बायका प्रवास करतच नाहीत असे नाही. माहेर, शादी, दवाखाना, मय्यत, उरूस. गाड्या भरभरून जातात. पण नुसते चालायला, नुसते पाहायला जायचे म्हटले की प्रश्न सुरू होतात. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी आम्ही गारबर्डीला जायचे ठरवले तेव्हा गल्लीतल्या एका खालांनी मला सरळ विचारले, "तिथं कोण आहे तुमचं?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांना ते पटेना. त्यांचेही चुकीचे म्हणता येत नाही. ज्या ठिकाणी आपले कोणी नाही तिथे जाण्याची सवय आपल्या बायकांना कुणी लावलीच नाही.

आम्ही नऊ जण होतो. मी, मुलांचे अब्बू, नववीतली थोरली, पाचवीतला धाकटा, माझी अम्मी, भुसावळहून आलेली नणंद आणि तिची दोन मुले, शिवाय माझ्या भावाची मुलगी, जी बारावीला आहे आणि 'अभ्यास आहे' या सबबीवर कुठेच येत नाही. क्रूझर भाड्याने ठरवली. फजरनंतर डबे भरले आणि साडेसहाला निघालो.

सावद्याहून खिरोद्याकडे जाताना दोन्ही बाजूंना केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण रावेर-यावलच्या माणसाला त्या कागदाची गरज नव्हती. आमच्याकडे मुलीचे स्थळ आले तरी आधी केळीचे खोड किती ते विचारतात. सकाळच्या धुक्यात बागेच्या कडेला पाने अशी झुकलेली असतात की रस्ता बोगद्यातून गेल्यासारखा वाटतो. खिरोदा हे धनाजी नाना चौधरींचे गाव. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आमच्या शेजारच्या फैजपूरला झाले, त्यामागे याच माणसाची धडपड होती. मुलांना हे सांगितले, त्यांनी 'हो' म्हटले आणि चिवड्याची पिशवी उघडली.

खरी गोष्ट खिरोद्याच्या पुढे सुरू होते. डोंगर समोर येतो आणि जमिनीचा पोत बदलतो. काळी माती विरळ होते आणि शेतांच्या बांधावर गोट्यांच्या राशी दिसू लागतात. नारळाएवढे, कलिंगडाएवढे, काही तर बसायच्या पाटाएवढे गोल दगड. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे वेचून काढले तरी नांगराला पुन्हा लागतात. गाडी थांबवून मी मुलांना खाली उतरवले. अम्मी म्हणाली, "दगड बघायला गाडी थांबवलीस?" हो, दगडच बघायला.

तापीचे खोरे ही खचलेली दरी आहे. उत्तरेला सातपुडा उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी जमीन खाली गेली. डोंगरातून येणाऱ्या सुकी, मोर, गुळी, अनेर अशा नद्या उतारावरून जोरात धावत येतात, आणि सपाटीला लागताच त्यांचा जोर संपतो. मग हातातले ओझे टाकून द्यावे तसे त्या सगळे टाकतात. आधी जड गोटे, मग वाळू, शेवटी बारीक माती. हजारो वर्षे हे चालले आणि डोंगराच्या पायथ्याशी गोट्यांचा, वाळूचा एक लांबलचक पट्टा तयार झाला. भूजलाचे जाणकार त्याला 'बझाडा' म्हणतात. हा पट्टा म्हणजे चाळणी. डोंगरातून आलेली नदी त्यावर आली की तिचे पाणी खाली मुरते, जमिनीच्या पोटातून दक्षिणेकडे, तापीच्या दिशेने सरकते आणि वाटेत विहिरींना मिळते. सावद्याची, चिनावलची, फैजपूरची केळी ज्या पाण्यावर उभी राहिली त्यातले कितीतरी या चाळणीतून आलेले.

म्हणजे सुकी कोरडी नाही. ती आपल्या पायाखालून जाते.

हे मी शाळेतल्या फळ्यावर किती वेळा काढून दाखवले असेल. पण त्या बांधावर उभे राहून धाकट्याने पाण्याची बाटली गोट्यांवर ओतली आणि पाणी एका क्षणात दिसेनासे झाले, तेव्हा बारावीतली भाची, जी तोपर्यंत कानात दोऱ्या घालून बसली होती, ती वाकून बघायला लागली. मग त्याला दुसरी बाटली ओतायची होती. अम्मीने हात धरला. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी आपल्याला शिकवण आहे, आणि हा गोट्यांवर ओततोय!

तिथून पुढे रस्ता डोंगरात शिरतो. पालच्या आसपासचे जंगल यावल अभयारण्यात येते. १९६९ मध्ये ते जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, सांबर, नीलगाय आहेत. दिवसा, नऊ माणसांच्या गोंगाटात त्यातले काहीही दिसणार नाही, हे मी मुलांना आधीच सांगून टाकले होते. खोट्या आशेवर चालवलेली मुले अर्ध्या वाटेत बसतात. गाडी आम्ही एका पाड्याजवळ उभी केली, गावातल्या लोकांना आणि भेटलेल्या वनरक्षकाला विचारून बैलगाडीच्या वाटेने निघालो. जाऊन-येऊन पाच-साडेपाच किलोमीटरची चाल. पायऱ्या नाहीत, रेलिंग नाही, चहाची टपरी नाही. एक छोटी चढण, एक कोरडा ओहोळ, मग उतार.

वाट सागाच्या झाडांतून जाते. नोव्हेंबरात सागाची मोठी पाने किड्यांनी कुरतडून जाळीची झालेली असतात. वर धरली की शिरांचा नकाशा दिसतो. एका फुटव्याचे कोवळे पान मी थोरलीच्या तळहातावर चोळले. हात लाल झाला, मेंदी लावल्यासारखा. मग मुलींनी एकमेकींचे हात रंगवले आणि पुढची पंधरा मिनिटे कुणी हलेना. पुढे अंजनाची झाडे लागली. अंजन ओळखायला सोपे. एका देठावर दोन पाने बुडाशी जोडलेली, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखी. त्याचे लाकूड इतके जड आणि टणक की कुऱ्हाड उसळते, आणि पाला मात्र बकऱ्या आवडीने खातात. सलईच्या बुंध्याची साल कागदासारखी सुटत होती. कुसळांनी सगळ्यांच्या सलवारींचे पायचे भरून गेले. नणंदेने बुरखा कमरेला खोचून वर ओढणी घट्ट बांधली आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे निघाली. भुसावळच्या सपाट रस्त्यांवर राहणाऱ्या या बाईत इतका दम असेल असे मला वाटले नव्हते.

अम्मी अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मुलांच्या अब्बूंनी तिला बांबूची काठी कापून दिली. ती पन्नास पावले चालायची आणि थांबायची. आम्ही कुणी 'चला लवकर' म्हणायचे नाही, एवढे एकच आधी ठरवले होते. थांबल्यावर ती बोलायची. तिचे माहेर सुकीच्या काठावर, खाली सपाटीत. ती लहान असताना रमजानच्या आधी मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका वाकळा धुवायला नदीवर जात. होळीपर्यंत पाणी राहायचे. ते आटले की वाळूत हातभर खड्डा काढून झिरा करायचा, वाटीने पाणी भरायचे. "बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हाही झिऱ्याला पाणी होतं," ती म्हणाली. "मग इंजिनं आली. मग मोटारी आल्या. मग बोअर आले. मग झिरा गेला." साठ वर्षांचा इतिहास तिने एका दमात सांगितला आणि पुढची पन्नास पावले चालली.

उतार संपताना झाडांमधून आधी चमक दिसली. मग वाट वळली आणि समोर पाणी.

मोठ्या शहरातल्या माणसाला कदाचित ते फार वाटणार नाही. दोन्ही बाजूंना सागाने भरलेले डोंगर, त्यांच्या मधल्या दरीत वळत वळत आत गेलेले हिरवट, शांत पाणी. एका टोकाला धरणाची भिंत, दुसरे टोक डोंगराच्या वळणाआड गेलेले, म्हणून तलाव कुठे संपतो ते कळत नाही. काठावर बगळे. एक खंड्या फांदीवरून सुळकन खाली आला आणि चोचीत चांदीचा तुकडा घेऊन वर गेला. आवाज काहीच नाही. आमची मुलेसुद्धा मिनिटभर गप्प होती, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

अम्मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "ही आपलीच सुकी?" तिने विचारले. आपलीच. तिने दुपट्ट्याच्या पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ऊन लागतंय.

पाण्यात उतरायचे नाही, हा नियम गाडीतच सांगितला होता. अशा तलावांचा काठ फसवा असतो. वर कडक वाटणारा गाळ आत गुडघाभर घेतो, आणि पुढे खोली एकदम वाढते. पावसाळ्यात तर प्रश्नच वेगळा. २०२२ च्या जुलैत इथे पाणी अचानक वाढून पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला बचाव पथक बोलवावे लागले. डोंगरात वर कुठे पाऊस झाला ते खाली उभ्या माणसाला कळत नाही. कुटुंब घेऊन जायचे तर पाऊस थांबल्यानंतर, ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. तलाव भरलेला असतो, वाट कोरडी असते, ऊन सोसते. मार्चनंतर साग उघडा पडतो आणि सावली उरत नाही.

काठापासून जरा वर, अंजनाच्या सावलीत दस्तरखान पसरला. बामणोदच्या वांग्यांचे भरीत, कळण्याच्या पुऱ्या, शामी कबाब, कांद्याची पात. जेवत असताना एक तडवी खाला बकऱ्या घेऊन आल्या, सोबत सात-आठ वर्षांचा नातू. त्यांनी लांबूनच सलाम केला. नणंद चपापली, डोंगरातल्या आदिवासी बाईकडून सलाम येईल असे तिला वाटले नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याने चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत तडवी भिल्लांची वस्ती आहे. अनुसूचित जमातीत आहेत आणि मुसलमान आहेत. आमच्या शाळेत तडवी मुली येतात, म्हणून मला नवल नव्हते. पण खरे सांगायचे तर सावद्यातल्या किती घरांनी तडवी घरात पाणी प्यायले आहे? आपण त्यांना बाजाराच्या दिवशी पाहतो, मजुरीला बोलावतो. लग्नाच्या दावतीत ते दिसत नाहीत.

खाला बसल्या. भरीत खाल्ले, त्यात मिरची कमी आहे असे सांगितले. ते खरे होते, मुलांसाठी कमी घातली होती. अंजनाचा पाला, डिंक, चारोळी, मोहाची फुले, कुठल्या महिन्यात काय मिळते ते त्या बोटांवर मोजून सांगू लागल्या आणि अम्मी वही काढल्यासारखी ऐकत राहिली. मग थोरलीने विचारले, "खाला, तुम्हाला तर पाण्याची मजा आहे, एवढा तलाव समोर."

त्या हसल्या. "तलाव दिसतो गं पोरी. मे महिन्यात आमचा हातपंप खडखड वाजतो. डोळ्याला पाणी आहे, हंड्याला नाही. हे खाली जातं, तुमच्याकडे."

कुणी काही बोलले नाही. नातवाने एक कबाब उचलला, दुसरा खिशात घातला. नणंदेने उरलेले सगळे कागदात गुंडाळून त्याला दिले.

खाला गेल्यावर थोरलीने बाबांकडे मोर्चा वळवला. मुलांच्या अब्बूंच्या घरची थोडी केळी आहे, चुलत भावांबरोबर. एका झाडाला दिवसाला किती पाणी लागते? उन्हाळ्यात, झाड भरात असताना, ठिबकने वीस लिटर धर, ते म्हणाले. एका एकरात झाडे किती? पाच बाय पाच फुटांवर लावली तर साडेसतराशेच्या आसपास. तिने मोबाइल मागितला, मी दिला नाही. तिने वाळूवर काडीने गुणाकार केला. पस्तीस हजार लिटर. एका एकराला, एका दिवसाला. धाकट्याने विचारले, म्हणजे किती टँकर? साडेतीन मोठे टँकर, रोज. आमच्या नऊ जणांच्या एका दिवसाच्या पाण्याशी तुलना करायला तिने सुरुवात केली आणि मधेच काडी टाकून दिली.

बाबांनी आपली बाजू मांडली, आणि ती ऐकण्यासारखी होती. ठिबक आले नसते तर याच्या कितीतरी पट पाणी लागले असते. केळी नसती तर ही सगळी पोरे शिकली कशी असती, तुझ्या आईचे बीएड कशातून झाले? तेही खरे. माझ्या फीचे पैसे सासऱ्यांनी केळीच्या पट्टीतूनच भरले. पण जमिनीत मुरते त्यापेक्षा आपण जास्त उपसतो हा हिशेब त्यामुळे बदलत नाही. भूजलाच्या सरकारी वर्गवारीत रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. आमच्याकडे बोअर कोरडा गेला की लोक नशिबाला आणि पावसाला बोल लावतात, आणि पुढच्या आठवड्यात आणखी शंभर फूट खाली जातात. शेजाऱ्याने खोल नेला म्हणून आपण नेतो, आपण नेला म्हणून तो.

भाचीने मग एक अवघड प्रश्न टाकला. धरणानेच नदी अडवली, म्हणून तर खाली ती सुकी आहे ना? मग मावशी, तुझ्या त्या गोट्यांच्या पट्ट्याला पाणी मिळणार कुठून? प्रश्न बरोबर होता. धरणामागे पाणी थांबले की खालच्या पात्रात ते पूर्वीसारखे संथ, महिनोन्महिने वाहत नाही. ते येते ते पुराच्या वेळी, झपाट्याने, आणि मुरायला वेळ मिळायच्या आत तापीत जाते. पण धरण नसते तर कालव्याखालच्या शेतांना पाणी नसते, आणि त्यांनीही बोअरच मारले असते. दोन्ही बाजू तिच्यापुढे ठेवल्या. तापीचे पुराचे पाणी कालव्यांनी याच बझाडा पट्ट्यात आणून मुरवायचे, अशी एक मोठी योजना कित्येक वर्षे बोलली जात होती. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तिच्यासाठी करार केला. 'मेगा रिचार्ज' म्हणतात तिला. ती होईल तेव्हा होईल. त्या दिवशी अंजनाखाली बसलेल्या मुलांना निदान हे कळत होते की पाणी नेमके कुठे मुरवायचे म्हणताहेत, कारण सकाळी त्यांनी त्या गोट्यांवर बाटली ओतली होती.

जोहरची नमाज काठावरच झाली. अम्मीने बसून पढली, तोंड पाण्याकडे नव्हते, डोंगराकडे होते. मग आम्ही आवरले. येताना दोन मोठ्या पिशव्या नेल्या होत्या, त्यात आपला कचरा तर भरलाच, शिवाय काठावर सापडलेल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि थर्माकोलच्या प्लेटाही. फुटलेल्या काचा मुलांना उचलू दिल्या नाहीत. पिशव्या गच्च भरल्या तरी बरेच राहिले.

जायचे असेल तर काही गोष्टी सांगून ठेवते. मोबाइलला रेंज धरू नका, घरी परतायची वेळ सांगून निघा. बायकांची सर्वांत मोठी अडचण आडोशाची असते आणि ती कुणी बोलत नाही. खिरोद्यात ओळखीचे घर असेल तर तिथे थांबून पुढे जा, आणि जंगलात शिरल्यावर एक जाड चादर जवळ असू द्या, दोघी धरतात, तिसरीची सोय होते. चपला नकोत, बूट हवेत, शाळेचे कॅनव्हासचे चालतात. पाणी माणशी दोन लिटर. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय शिरू नका, चूल पेटवू नका, स्पीकर नेऊ नका. पाड्यावरच्या कुणाला वाटाड्या म्हणून घेतले तर वाटही चुकत नाही आणि त्याच्या घरात दोन पैसे जातात. मगरिबच्या आत डोंगर उतरून खिरोद्याला लागा.

म्हाताऱ्या माणसांना न्यावे की नाही, असे मला नंतर दोघी-तिघींनी विचारले. अम्मीचे गुडघे तीन दिवस दुखले, तेल चोळावे लागले. चौथ्या दिवशी ती त्या गल्लीतल्या खालांकडे गेली आणि दोन तास बोलत बसली. कोण भेटलं तिथं, असे त्यांनी विचारले असणारच. अम्मीने सांगितले असेल, सुकी भेटली, आणि एक तडवी बहीण भेटली, तिला भरतात मिरची कमी वाटली. डिसेंबरात त्या तडवी खाला रावेरच्या बाजाराला जाताना नातवाला घेऊन आमच्या दारात आल्या. पत्ता अम्मीनेच दिला होता. येताना अर्धा शेर चारोळी आणली. जेवून गेल्या.

घरामागची जुनी विहीर, जिच्यावर दहा वर्षांपासून फरशी टाकून मुले क्रिकेट खेळत होती, ती मुलांच्या अब्बूंनी उन्हाळ्यात उघडून साफ करून घेतली. छताचे पन्हाळ पाइपने तिच्यात सोडायचे आहे, मधे वाळू आणि गोट्यांचा गाळणी-खड्डा करून. गोटे खिरोद्याकडूनच आणले, एका शेतकऱ्याने बांधावरची रास फुकट उचलू दिली. एका छताच्या पाण्याने सावद्याचा बोअर वर येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि थोरलीने गुणाकार करून तेही दाखवले.

शाळेत मी सहलीचा विषय काढला. मुलींना आतापर्यंत सहल म्हणजे बसमधून किल्ला किंवा बाग, आणि परत. या वेळी मी लिहून दिले, चालायची सहल, साडेपाच किलोमीटर, गारबर्डी, नोव्हेंबर. नववीतून बारा नावे आली आहेत. सातजणींच्या घरून होकार मिळाला. पाचजणींच्या अम्मींशी बोलायचे आहे, आणि त्यातल्या दोघींकडे मी येताना माझ्या अम्मीला सोबत घेऊन जाणार आहे.